शिकण्याची मुभा आणि शिकवण्याचा अधिकार : कलकत्त्यातील अँग्लिकन शिक्षण आणि दोन साहित्यपरंपरा

१

भारतीय भाषांतील अर्वाचीन साहित्याचा इतिहास लिहिताना ‘मिशनरी शाळा’ हा शब्दप्रयोग आपण फार सैलपणे करतो. श्रीरामपूरचे बॅप्टिस्ट, कलकत्त्यातील अलेक्झांडर डफ यांचे स्कॉटिश मिशन, अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन आणि इंग्लंडच्या राजसत्तेशी जोडलेले अँग्लिकन चर्च या सर्वांना एकाच पंक्तीत बसवून त्यांचे ‘योगदान’ आणि त्यांचे ‘धर्मांतराचे हेतू’ अशा दोन रकान्यांत हिशेब मांडण्याची पद्धत मराठीत जशी आहे तशीच बंगालीतही आहे. या हिशेबात एक महत्त्वाचा भेद हरवतो. बॅप्टिस्ट मिशनऱ्यांच्या मागे राज्याची धर्मसंस्था उभी नव्हती. अँग्लिकन चर्च मात्र राज्यकर्त्यांचे स्वतःचे चर्च होते आणि ते राज्य तर धर्माच्या बाबतीत आपण तटस्थ आहोत असे सांगत होते. या पेचातून अँग्लिकन शाळेला एक विशिष्ट घडण मिळाली.

मराठी वाचकाला हा भेद सहसा जाणवत नाही, याला कारण आहे. मराठी साहित्याच्या इतिहासात ठळकपणे येणारी मिशने अँग्लिकन नाहीत. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले; ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी यांची जडणघडण स्कॉटिश मिशनऱ्यांच्या सहवासात झाली; नारायण वामन टिळकांचे नाव अमेरिकन मराठी मिशनशी जोडलेले आहे. अँग्लिकन मिशन मराठी लोकस्मृतीत उरले ते १८९० च्या पुण्यातील पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणामुळे. रानडे आणि टिळक यांच्यासह अनेकांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आणणारा तो चहा सर्वांना ठाऊक आहे; तो पाजणारे कोण होते, याचा विचार क्वचितच होतो.

प्रस्तुत लेखात असे दाखवण्याचा प्रयत्न आहे की, कलकत्त्याला केंद्र मानून उभ्या राहिलेल्या अँग्लिकन शिक्षणव्यवस्थेने शिकण्याची मुभा आणि शिकवण्याचा अधिकार या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या होत्या. विद्या देण्यात या व्यवस्थेने हात आखडता घेतला नाही. परंतु मिळालेल्या विद्येचा अर्थ लावण्याचा आणि तो इतरांना सांगण्याचा अधिकार तिने धर्माधिकाऱ्यांच्या उतरंडीत बांधून ठेवला. बंगाली आणि मराठी साहित्यातील काही महत्त्वाच्या कृतींचे स्वरूप या दोहोंमधील ताणातून स्पष्ट होते. हा ताण समजून घेतल्याशिवाय मायकेल मधुसूदन दत्त आणि पंडिता रमाबाई ही दोन नावे एकाच चर्चेत आणता येत नाहीत. आणि ती आणल्यावाचून दोन्ही भाषांच्या इतिहासातील एक दुवा तुटलेलाच राहतो.

२

१८१३ चा सनदी कायदा शिक्षणाच्या इतिहासकारांना दरवर्षी एक लाख रुपये विद्याप्रसारासाठी राखून ठेवणाऱ्या कलमामुळे परिचित आहे. त्याच कायद्याने मिशनऱ्यांच्या प्रवेशाचा मार्ग मोकळा झाला आणि कलकत्त्यास अँग्लिकन बिशपची नेमणूक करण्याची तरतूद झाली. शिक्षणाची जबाबदारी आणि धर्मपीठाची स्थापना एकाच दस्तऐवजात शेजारी शेजारी आली, ही गोष्ट पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ आहे. पहिले बिशप थॉमस फॅनशॉ मिडलटन १८१४ मध्ये अभिषिक्त झाले. त्यांच्या धर्मप्रांतात कंपनीच्या ताब्यातील सारा मुलूख येत असे. मद्रासला १८३५ मध्ये आणि मुंबईला १८३७ मध्ये स्वतंत्र बिशप मिळेपर्यंत, पुणे-मुंबईच्या अँग्लिकन पाद्र्यांचा वरिष्ठ अधिकारी कलकत्त्यातच होता. मराठी प्रदेशाचा विषय कलकत्त्यापासून सुरू करण्यास हे कारण पुरेसे आहे.

तथापि, मुंबईत आणि कलकत्त्यात घडलेले एकसारखे नाही. मुंबईत १८१५ मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने इंग्लंडच्या चर्चच्या तत्त्वांनुसार गरीब मुलांना शिक्षण देणारी संस्था निघाली. ती पुढे बॉम्बे एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली. या संस्थेने एतद्देशीय मुलांच्या शिक्षणासाठी आणि पुस्तकांसाठी जी समिती नेमली, ती १८२२ मध्ये स्वतंत्र झाली आणि कालांतराने तिलाच बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असे नाव मिळाले. मराठी क्रमिक पुस्तकांची पहिली मोठी निर्मिती हिच्याच आश्रयाने झाली आणि बाळशास्त्री जांभेकर हिचेच नेटिव्ह सेक्रेटरी होते. म्हणजे मराठी शालेय गद्याची वाट अँग्लिकन अंगणातून निघाली खरी, पण ती फार लवकर अंगणाबाहेर पडली. एल्फिन्स्टन यांच्या राजवटीतील सावधगिरीचा यात मोठा वाटा होता. दख्खनमध्ये पेशवाई नुकतीच संपली असताना धर्माच्या प्रश्नावर लोकांना दुखावणे सरकारला परवडणारे नव्हते.

कलकत्त्यातही १८१७ च्या स्कूल बुक सोसायटीने धार्मिक पुस्तके वर्ज्य मानली होती. परंतु तेथे या तटस्थ संस्थेच्या बरोबरीने मिडलटन यांनी बिशप्स कॉलेज उभारले. १८२० च्या डिसेंबरात हुगळीच्या पश्चिम तीरावर शिबपूर येथे वनस्पतिउद्यानाच्या शेजारी त्याची पायाभरणी झाली. त्याची उद्दिष्टे चार होती : धर्मोपदेशक, प्रश्नोत्तरे शिकवणारे साहाय्यक आणि शाळामास्तर तयार करणे, हिंदू-मुसलमानांना उपयुक्त ज्ञान आणि इंग्रजी शिकवणे, धर्मग्रंथांचे भाषांतर करणे, आणि नव्याने आलेल्या मिशनऱ्यांची सोय करणे. यांतील पहिल्या उद्दिष्टाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. शाळामास्तर हा येथे धर्मोपदेशकाच्याच शिडीवरची एक पायरी आहे. शिकवणे हे चर्चचे पद असून ते वरून मिळते, अशी ही कल्पना आहे.

गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, धार्मिक तटस्थतेचे बंधन आणि मिशनऱ्यांचा दबाव यांच्या कात्रीत सापडलेल्या सरकारने इंग्रजी साहित्याच्या अध्यापनाकडे नैतिक संस्काराचे काम सोपवले. हे विवेचन सरकारी महाविद्यालयांच्या बाबतीत पटण्याजोगे आहे. बिशप्स कॉलेज मात्र त्यात पूर्णपणे सामावत नाही. तेथे शेक्सपिअरपेक्षा ग्रीक, लॅटिन, हिब्रू आणि संस्कृत यांना मान होता. पहिले प्राचार्य विल्यम हॉज मिल हे स्वतः संस्कृतज्ञ होते. त्यांनी १८३० च्या दशकात ‘ख्रीष्टसंगीता’ हे ख्रिस्तचरित्र पुराणांच्या धर्तीवर अनुष्टुभ छंदात रचले. वसाहतीतील शिक्षण म्हणजे इंग्रजीचे शिक्षण, हे समीकरण येथे अपुरे पडते. या संस्थेत अभिजात भाषांची एक वेगळीच रचना होती आणि तिचे परिणाम इंग्रजी भाषेत दिसले नाहीत. ते बंगालीत दिसले आणि, उलट्या वाटेने, मराठीत.

३

शालेय शिक्षणाच्या तळाच्या थरावर पाहिले तर मुलींच्या शाळांचा प्रश्न पुढे येतो. मेरी ॲन कुक १८२१ मध्ये कलकत्त्यास आल्या त्या कलकत्ता स्कूल सोसायटीच्या कामासाठी. परंतु सोसायटीच्या हिंदू सभासदांना मुलींच्या शाळेची जबाबदारी घेणे अवघड वाटले आणि अँग्लिकनांच्या चर्च मिशनरी सोसायटीने त्यांना आपल्याकडे घेतले. १८२२ पासून त्यांनी शहराच्या निरनिराळ्या भागांत मुलींच्या लहान लहान शाळा उघडल्या. १८२४ मध्ये या कामासाठी स्त्रियांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. कॉर्नवॉलिस स्क्वेअरजवळ १८२८ मध्ये मध्यवर्ती शाळा सुरू झाली; तिच्या इमारतीसाठी राजा वैद्यनाथ राय यांनी २०,००० रुपये दिले होते. एका हिंदू जमीनदाराने अँग्लिकन शाळेला एवढी रक्कम द्यावी, यावरून त्या काळातील सीमारेषा आपण समजतो तितक्या ठाम नव्हत्या हे दिसते.

पुढे या शाळांकडे उच्चवर्णीय घरे पाठ फिरवू लागली. येणाऱ्या मुली प्रामुख्याने गरीब घरांतल्या होत्या. १८४९ मध्ये बेथून यांनी धर्मशिक्षण वगळून मुलींची शाळा काढली, तेव्हा भद्रलोकांना हवा असलेला पर्याय मिळाला. साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक पोकळी जाणवते. मेरी कुक यांच्या शाळांविषयीचे अहवाल आहेत, देणगीदारांची नावे आहेत. पण त्या शाळांत शिकलेल्या मुलीच्या हातचा मजकूर साहित्येतिहासात आलेला नाही. बंगालीतील पहिले स्त्री-आत्मचरित्र मानले जाणारे ‘आमार जीवन’ (१८७६) लिहिले ते राससुंदरी देवींनी. आणि त्या कोणत्याही मुलींच्या शाळेत न जाता स्वयंपाकघरात, लपूनछपून अक्षरे गिरवून वाचायला शिकल्या होत्या.

याउलट मराठीत १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ही मुलगी फुले यांच्या शाळेतली होती आणि छापणारे पत्र अमेरिकन मिशनचे होते. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की प्रश्न स्पष्ट होतो. मुलीला अक्षर शिकवणे आणि तिच्या अक्षराला वाचक मिळवून देणे या वेगळ्या कृती आहेत. फुल्यांच्या शाळेत विद्यार्थिनी निबंध लिहिते, म्हणजे ती वाचकाला काही सांगू पाहते. अँग्लिकन शाळेच्या आखणीत विद्यार्थिनीचे काम उत्तर देण्याचे होते. प्रश्नोत्तरावलीच्या पद्धतीत प्रश्न आणि उत्तर दोन्ही आधीच ठरलेले असतात. केवळ एका निबंधावरून दोन व्यवस्थांचा निकाल लावणे योग्य नाही हे मान्य करूनही, हा फरक पद्धतीतला आहे असे म्हणावे लागते.

४

शिकण्यापासून शिकवण्यापर्यंतचे अंतर एतद्देशीय पुरुषाला ओलांडता येत होते काय, याचे उत्तर कृष्णमोहन बंद्योपाध्याय (१८१३–१८८५) यांच्या चरित्रात मिळते. डेरोझिओ यांच्या वर्तुळातील हा तरुण १८३१ मध्ये ‘द पर्सिक्यूटेड’ हे इंग्रजी नाटक लिहितो, १८३२ मध्ये डफ यांच्याकडून बाप्तिस्मा घेतो आणि लवकरच स्कॉटिश मिशन सोडून अँग्लिकन चर्चमध्ये येतो. चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेत शिक्षक, १८३७ मध्ये दीक्षित पाद्री, १८५२ ते १८६८ बिशप्स कॉलेजात प्राध्यापक, असा त्यांचा प्रवास आहे. येथे शिकवण्याचा अधिकार प्रत्यक्षात मिळालेला दिसतो. पण त्याचा वापर त्यांनी कोठे केला ते पाहिले पाहिजे. १८४६ ते १८५१ या काळात प्रसिद्ध झालेला ‘विद्याकल्पद्रुम’ हा तेरा भागांचा ज्ञानकोश सरकारच्या आश्रयाने निघाला. त्यात इतिहास, भूगोल, भूमिती, चरित्रे असे विषय इंग्रजी आणि बंगालीत आहेत. बंगाली वाचकाचा शिक्षक म्हणून त्यांना जी जागा मिळाली ती व्यासपीठापेक्षा या ज्ञानकोशाने दिली. चर्चमधले पद आणि भाषेतले कार्य हे दोन प्रवाह एकाच माणसात समांतर वाहत राहिले.

मधुसूदन दत्तांच्या बाबतीत हे दोन प्रवाह एकमेकांवर आदळले. ९ फेब्रुवारी १८४३ रोजी कलकत्त्याच्या ओल्ड मिशन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. हिंदू कॉलेज सुटले आणि १८४४ च्या अखेरीस ते बिशप्स कॉलेजात दाखल झाले. पुढील तीन वर्षांत त्यांनी तेथे ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत यांचा अभ्यास केला. एतद्देशीय विद्यार्थ्यांना युरोपीय विद्यार्थ्यांसारखा पोशाख घालण्यास मज्जाव होता आणि मधुसूदनांनी त्याविरुद्ध बंड केले, असा प्रसंग त्यांचे चरित्रकार सांगतात. हा प्रसंग तरुण कवीच्या तऱ्हेवाईकपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. परंतु त्यातला मुद्दा गंभीर आहे. होमर मूळ ग्रीकमध्ये वाचण्याची परवानगी असलेल्या विद्यार्थ्याला तोच होमर वाचणाऱ्या शेजाऱ्याचा झगा नाकारला जातो. विद्येतील समता आणि पदातील विषमता यांचे याहून नेमके चिन्ह शोधणे कठीण आहे.

मधुसूदन पाद्री झाले नाहीत. १८४८ च्या सुमारास ते मद्रासला गेले. परतल्यावर काही वर्षांतच ‘तिलोत्तमासंभव’ आणि १८६१ चे ‘मेघनादवध काव्य’ त्यांनी अमित्राक्षर छंदात लिहिले. या काव्यावरील मिल्टनच्या प्रभावाची चर्चा खूप झाली आहे आणि ती हिंदू कॉलेजच्या इंग्रजी संस्कारांशी जोडली जाते. परंतु रामायणाच्या कथेकडे होमर आणि व्हर्जिल यांच्या बाजूने पाहण्याची जी सवय या काव्यात आहे, ती केवळ इंग्रजी भाषांतरांतून आलेल्या वाचकाची नाही. पराभूत पक्षाच्या नगरीतून युद्ध पाहणे, वीराच्या मरणानंतरच्या अंत्यविधीवर काव्य थांबवणे, हे ‘इलियड’शी सख्य असलेल्या कवीचे निर्णय आहेत. धर्मोपदेशकाच्या तयारीसाठी दिलेली ग्रीक भाषा बंगाली महाकाव्याच्या रचनेत उतरली, हे बिशप्स कॉलेजच्या कोणत्याही उद्दिष्टात नव्हते. मराठीत १८६९ मध्ये महादेव मोरेश्वर कुंटे यांनी ‘राजा शिवाजी’ हे काव्य प्रसिद्ध करून महाकाव्याचा आधुनिक प्रयोग केला, तेव्हा त्यांच्यापुढील आदर्श इंग्रजीच्या द्वारे आलेला होता. बिशप्स कॉलेजसारखी संस्था मराठीला जवळ नव्हती. दोन प्रयोगांतील अंतराचे सारे श्रेय संस्थेला देता येणार नाही, पण तिचा विचार वगळताही येणार नाही.

याच शहरात चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड जेम्स लाँग १८४० पासून काम करत होते. ॲमहर्स्ट स्ट्रीटवरील शाळेचे आणि पुढे ठाकुरपुकुर येथील बंगाली माध्यमाच्या शाळांचे काम त्यांनी केले. शिकवण्यासाठी लोकभाषेचे वाङ्मय ठाऊक हवे, या जाणिवेतून त्यांनी १८५५ मध्ये १,४०० बंगाली पुस्तकांची व पत्रकांची वर्गीकृत सूची छापली. म्हणींचे संग्रह केले. दीनबंधू मित्रांच्या ‘नीलदर्पण’ नाटकाच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रकाशनाबद्दल १८६१ मध्ये त्यांना एक महिन्याचा कारावास आणि १,००० रुपये दंड झाला. दंड कालीप्रसन्न सिंह यांनी भरला. ते भाषांतर मधुसूदनांचे, असे परंपरेने मानले जाते. त्याविषयी मतभेद आहेत. लाँग यांच्या उदाहरणाने एक गोष्ट सिद्ध होते. शिक्षक म्हणून लोकभाषेचा वाचक झालेला पाद्री राज्याच्या चर्चमध्ये राहूनही राज्यकर्त्या समाजाला अडचणीचा ठरू शकत होता. व्यवस्था एकजिनसी नव्हती. मात्र ज्याला शिकवण्याचा अधिकार निर्विवाद होता, त्याच्याच वाट्याला हे धाडस आले, हेही विसरता येत नाही.

५

मराठी भाषकांचा या व्यवस्थेशी आलेला संबंध दोन चित्पावन पंडितांच्या रूपाने पाहता येतो. पहिले नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५). काशीत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील हा शास्त्री आधी ख्रिस्ती मताचा विरोधक होता. जॉन म्यूर यांच्या संस्कृत ‘मतपरीक्षे’ला त्याने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून संस्कृतातच उत्तर दिले. १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतल्यावर तो नेहेमिया गोऱ्हे झाला आणि पुढे अँग्लिकन पाद्री. त्याचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ १८६० मध्ये आला. फिट्झएडवर्ड हॉल यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये कलकत्त्यातून निघाले. गोऱ्हे यांच्या ठिकाणी जुना शास्त्रार्थ आणि नवा धर्मोपदेश यांच्यात खंड पडलेला दिसत नाही. पूर्वपक्ष मांडून त्याचे खंडन करण्याची रीत कायम राहिली, फक्त सिद्धांताची बाजू बदलली. चर्चने त्यांची पंडिताई स्वीकारली, कारण ती मान्य सिद्धांताच्या रक्षणासाठी वापरली जात होती.

दुसऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या बंधू श्रीनिवास यांच्यासह १८७८ मध्ये कलकत्त्यास आली. तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्रीला शास्त्र सांगण्याचा अधिकार आहे, अशी जाहीर मान्यता तिला या शहरात मिळाली. त्याच शहरातील एका ख्रिस्ती मेळाव्याची आठवण रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात नोंदवली आहे. लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागले, तेव्हा या बहीणभावांना वाटले की हे खुर्च्यांनाच नमस्कार करतात. त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. पण त्याची भाषा त्यांना परिचित संस्कृतपेक्षा इतकी वेगळी वाटली की वाचन पुढे गेले नाही. तरीही पुस्तक त्यांनी जवळ ठेवले. मिशनऱ्यांच्या संस्कृत भाषांतरांवर एवढी मार्मिक टीका दुसऱ्या कोणी केली नसेल. आणि ही टीका करणारी वाचक त्या भाषांतरांना हवी होती तशीच, म्हणजे संस्कृतज्ञ ब्राह्मण, होती.

पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या निधनानंतर रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे गोऱ्हे यांच्या लेखनाचाही परिणाम होता. वैद्यक शिकण्याचा विचार श्रवणदोषामुळे सोडावा लागला आणि त्या चेल्टनम लेडीज कॉलेजात शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. पेच निर्माण झाला तो पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची कल्पना पुढे आली तेव्हा. लाहोर आणि मुंबई येथील बिशपांनी विरोध दर्शवला : असे केल्याने हिंदुस्थानातील स्त्रियांमध्ये काम करण्याची त्यांची योग्यता कमी होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

कलकत्त्याच्या पंडितांनी पुरुषांच्या सभेत मान्य केलेला अधिकार बिशपांनी पाच-सहा वर्षांनी नाकारला, ही विसंगती रमाबाईंच्या नजरेतून सुटली नाही. आपल्या वडिलांच्या घरी आणि देशभरच्या प्रवासात पुरुषांपुढे पुराण सांगितलेल्या स्त्रीला हा युक्तिवाद चमत्कारिक वाटणे स्वाभाविक होते. अ. भि. शहा यांनी १९७७ मध्ये संपादित केलेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला वाद सविस्तर आला आहे. विश्वनाथन यांनी ‘आउटसाइड द फोल्ड’ (१९९८) मध्ये या वादाचा अर्थ श्रद्धा आणि धर्मसंस्था यांच्यातील संघर्ष म्हणून लावला. उमा चक्रवर्ती आणि मीरा कोसंबी यांनी त्याला ब्राह्मणी पितृसत्ता आणि स्त्रीवाद यांचा संदर्भ दिला. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने त्यातील भाषेचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्ये असावीत या अपेक्षेला रमाबाईंनी हरकत घेतली आणि संस्कृतचा आग्रह धरला. संस्कृत ही देवभाषा आहे असे त्या म्हणत नाहीत. ती आपल्या देशाची प्राचीन आणि सुंदर भाषा आहे, एवढेच त्यांना पुरे होते.

मधुसूदन आणि रमाबाई यांची तुलना येथे फलदायी ठरते. एकाच धर्मसंस्थेने दोघांपुढे अभिजात भाषांचा मान ठेवला. मधुसूदनांनी लॅटिन-ग्रीक आपलीशी केली आणि पोशाखाची विषमता धुडकावून त्या विद्येला बंगाली काव्यात नेले. रमाबाईंनी लॅटिनचे धार्मिक श्रेष्ठत्व नाकारले; आणि उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, जे त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाले. कलकत्त्यात हाती आलेल्या, वाचता न आलेल्या संस्कृत बायबलला केडगावच्या या मराठी बायबलने उत्तर दिले असे म्हणता येईल. भाषांतर ही अर्थ लावण्याची कृती आहे. मूळ भाषांतून, कोणत्याही बिशपच्या अनुज्ञेविना, अल्पशिक्षित स्त्रियांसाठी धर्मग्रंथाचा अर्थ लावणाऱ्या रमाबाईंनी शिकवण्याचा अधिकार कोणाकडून मागून घेतला नाही, तो वापरला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदा सदन याच कृतीचे शालेय रूप होते. ते अँग्लिकन मिशनचे नव्हते; अमेरिकेत जमवलेल्या मदतीवर आणि स्वतःच्या अटींवर ते सुरू झाले.

६

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मधुसूदनांची महत्त्वाकांक्षा हिंदू कॉलेजात आणि रमाबाईंचे संस्कृत आईवडिलांजवळ तयार झाले होते. मग अँग्लिकन शिक्षणाला एवढे महत्त्व का? हा आक्षेप बव्हंशी बरोबर आहे. या संस्थेने त्यांना प्रतिभा दिली नाही. तिने त्यांना एका मर्यादेपाशी आणून उभे केले आणि त्या मर्यादेशी झालेल्या झगड्याने त्यांच्या लेखनाला दिशा मिळाली. संस्थेचा साहित्यावरील परिणाम तिच्या अभ्यासक्रमातून मोजण्याची आपली सवय त्यामुळे तपासून पाहावी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. येथे आलेली जवळजवळ सर्व एतद्देशीय नावे ब्राह्मण-कायस्थ घरांतील आहेत. कॉर्नवॉलिस स्क्वेअरच्या शाळेतील गरीब मुलींना ना पोशाखासाठी भांडण्याची संधी होती, ना क्रुसावरील भाषेसाठी. जातीने आधीच दिलेला विद्येचा अधिकार ज्यांच्याजवळ होता, तेच चर्चला प्रश्न विचारू शकले. मुक्ता साळवे यांचा निबंध याला अपवाद आहे आणि तो निबंध अँग्लिकन व्यवस्थेबाहेर लिहिला गेला, ही गोष्ट मांडणीला पूरक असली तरी समाधानकारक नाही.

या व्यवस्थेचा उत्तरकाळ थोडक्यात सांगता येतो. बिशप कॉटन (१८५८–१८६६) हे रग्बी आणि मार्लबरो येथून आलेले शिक्षक. त्यांच्या काळापासून अँग्लिकन शाळेचा भर युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांच्या निवासी शाळांवर गेला. कलकत्त्याचे सेंट पॉल्स स्कूल १८६४ मध्ये दार्जिलिंगला हलले. शिबपूरचे आवार १८८० मध्ये सरकारकडे गेले आणि तेथे अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. बिशप्स कॉलेज शहरात आले आणि धर्मशास्त्राचे विद्यालय म्हणून चालू राहिले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन उत्तर भारतातील अँग्लिकन चर्च इतर पंथांसह त्यात विलीन झाले. आज कोलकात्यातील या परंपरेच्या शाळांपुढे प्रवेशासाठी रांगा लागतात त्या इंग्रजी माध्यमासाठी. ज्या व्यवस्थेचे सर्वांत टिकाऊ साहित्यिक फळ बंगाली आणि मराठीत आले, तिची आजची ओळख फक्त इंग्रजीशी जोडलेली असावी, हा इतिहासाचा विपर्यास आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक काम मिळते. ‘मिशनरी शाळा’ हा एकच रकाना मोडून, प्रत्येक पंथाच्या शाळेने शिकवण्याचा अधिकार कोणाला दिला, कोणत्या भाषेत दिला आणि कोणाला नाकारला, अशी विचारणा प्रत्येक भाषेच्या इतिहासात करावी लागेल. मराठीपुरते बोलायचे तर त्याची सुरुवात रमाबाईंच्या बायबलकडे केवळ धार्मिक पुस्तक म्हणून न पाहता मराठी गद्याचा ग्रंथ म्हणून वाचण्यापासून व्हायला हवी. तो अद्याप साहित्यसमीक्षेच्या उंबरठ्याबाहेरच उभा आहे.